मत्स्यन्याय अर्धाच खरा: माशाचं तोंड आणि समुद्रातली त्याची जागा

मोठा मासा लहान माशाला खातो, याला आपल्याकडे मत्स्यन्याय म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा शब्द राजदंड नसेल तर माजणाऱ्या अनागोंदीसाठी येतो, आणि आजही तो राजकारणावरच्या अग्रलेखांत सुखाने नांदतो. माशांच्या बाबतीत मात्र तो जेमतेम अर्धा खरा आहे. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे उतरलेल्या मालातून दोन मासे उचला: एक वीतभर पापलेट आणि एक वीतभर बोंबील. लांबी सारखी, वजनाला पापलेट कितीतरी भारी. मत्स्यन्यायाने पापलेटाचा धाक बोंबलाला असायला हवा. प्रत्यक्षात पापलेट पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपत जगतं. बोंबील मात्र करंगळीएवढा मासा सबंध गिळतो, आणि वेळ आली तर स्वतःच्याच जातीचं पिल्लूही सोडत नाही.

समुद्रातल्या अन्नजाळ्यात कुणाची जागा कुठे, हे ठरवायला नुसतं आकारमान पुरत नाही. तोंड, दात, कल्ल्यातली चाळणी, आतड्याची लांबी, पोहण्याची ढब, पाण्याच्या कुठल्या थरात वावर आहे, वय किती, या सगळ्यांचा हिशेब लागतो. यातल्या बऱ्याच गोष्टी मासळी साफ करताना विळीवर पाहता येतात.

पापलेटापासून सुरुवात करू. तोंड उघडलं तर करंगळीचं टोक जेमतेम शिरेल एवढी फट, आणि दात इतके बारीक की बोटाला लागतही नाहीत. हे तोंड पाठलाग करून धरायचं नाही, समोर तरंगत आलेलं टिपायचं आहे: कोपेपॉड नावाचे मिलिमीटरभराचे कवचधारी जीव, माशांची अंडी आणि पिल्लं, जेलीफिश आणि सॅल्पसारखे लिबलिबीत प्राणी. मग दातांविना हा लिबलिबीत घास फाडतो कोण? घशात, कल्ल्यांच्या लगेच मागे, दोन्ही बाजूंना स्नायूंच्या पिशव्या असतात. त्यांच्या आतल्या भिंतीवर बारीक काटेरी दाते असतात आणि घास पुढे सरकायच्या आधी तिथेच किसला जातो. साफ करताना हा भाग डोक्याबरोबर किंवा पोट्याबरोबर निघून जातो, म्हणून पापलेट आवडीने खाणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी तो पाहिलेला असतो.

बोंबलाचा जबडा डोळ्यांच्या पार मागेपर्यंत फाटलेला असतो. दात सुईसारखे, आतल्या बाजूला वाकलेले, आणि ते आत दुमडतात, बाहेर नाही. भक्ष्य आत सरकताना दात वाट देतात, परत फिरायला लागलं की अडवतात. अंगात पाणी नव्वद टक्क्यांच्या आसपास, मांस मऊ, हाडं लवचीक. अशा अंगाने लांबचा पाठलाग होणार नाही. मुंबई ते गुजरात या पट्ट्यातला समुद्र उथळ आणि गढूळ, भरती-ओहोटीचा ओढ जबरदस्त. इथे भक्ष्य प्रवाहाबरोबर जवळ येतं आणि अंतर कमी असेल तर मोठ्या तोंडाचा आळशी मासाही पोट भरू शकतो. त्याचा नातेवाईक चोर बोंबील याच कुळातला, तोंड आणि दात तसेच, पण अंग घट्ट आणि खवलेदार. तो वाळूवर दबा धरून बसतो आणि एकदम झेप घेतो. तोंड घराण्याचं, जगण्याची तऱ्हा मात्र ज्याची त्याची.

सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी, पात्यासारखे धारदार असतात. ती मासा तोडू शकते. शेपटीचा बुंधा बारीक आणि त्यावर दोन्ही अंगांना उभार, शेपूट चंद्रकोरीसारखी, अंगावर खवले नावालाच. हा सगळा सरंजाम वेगासाठी आहे, आणि वेग लागतो तो तारली-मांदेलीसारख्या थव्यांवर तुटून पडायला.

आता कल्ल्याचं झाकण उचला. लाल, झालरीसारखा भाग श्वासाचा, तो सगळ्यांच्या ओळखीचा असतो कारण मासळी ताजी की शिळी ते त्यावरूनच बघतात. त्याच कमानीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे तोंडाच्या पोकळीकडे, पांढरट दात्यांची एक ओळ दिसेल. याला गिल रेकर म्हणतात आणि ही माशाची चाळणी. पाणी तोंडातून येऊन कल्ल्यांतून बाहेर जातं, पाण्यातला खाऊ या दात्यांवर अडतो. सुरमईच्या कमानीवर असे दाते अगदी मोजके आणि आखूड. तिला चाळायचं काहीच नाही. बांगड्याचे दाते इतके लांब असतात की तोंड आ केलं तरी समोरून पिसासारखे दिसतात. तारलीच्या पहिल्या कमानीच्या नुसत्या खालच्या भागावर दीडशेहून जास्त दाते असतात आणि ते इतके दाट की डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाच्या साखळ्याही त्यात अडकतात. म्हणून बांगडा मुख्यतः प्राणी-प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, खातो आणि सोबत थोडं शैवालही. तारली थेट शैवालापर्यंत खाली उतरते. दाते जितके लांब आणि दाट, तितका घास बारीक. मासळीच्या बाबतीत याहून भरवशाचा ठोकताळा क्वचितच मिळेल.

तिसरी तपासणी आतड्याची. मांस पचायला सोपं असतं, म्हणून मासेखाऊ माशाचं आतडं साधारण अंगाच्या लांबीपेक्षा आखूड असतं. शैवाल आणि सडकं-कुजकं खाणाऱ्याला लांब आतडं लागतं. खाडीतली बोई कापली की आतड्याचं वेटोळं बाहेर येतं, सरळ केलं तर अंगाच्या तीन-चार पट सहज भरेल. तिच्या जठराचा एक भाग कोंबडीच्या पेटीसारखा जाड आणि कडक असतो. बोई चिखलाचा वरचा थर खाते, त्यातली वाळू या पेटीत जात्यासारखी वापरली जाते आणि डायटमची काचेसारखी कवचं भरडली जातात. बोईला चिखलाचा वास का येतो, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

समुद्रात आकाराला एवढं महत्त्व का?

मत्स्यन्यायाचा खरा अर्धा भाग आता पाहू. जमिनीवर गवत आणि झाडं मोठी असतात, त्यांना खाणारे प्राणीही मोठे असू शकतात. आरेच्या तबेल्यातली म्हैस शेकडो किलोंची, पण अन्नसाखळीत ती खालून दुसऱ्या पायरीवर: वनस्पतींची पायरी पहिली, त्या खाणाऱ्यांची दुसरी. समुद्रात बहुतेक वनस्पती म्हणजे एकपेशीय प्लवक, मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या हिश्शाएवढं. ते खाणारा जीव मिलिमीटरभराचा, त्याला खाणारा सेंटिमीटरभराचा. माशाला हात नाहीत, नख्या नाहीत. बहुतेकांना भक्ष्य सबंध गिळावं लागतं. त्यामुळे जबड्याच्या मापाबाहेरचं काहीच ताटात येत नाही आणि पायरीगणिक अंग वाढत जातं. चार्ल्स एल्टन या इंग्रज परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९२७ सालीच अन्नसाखळी आणि प्राण्याचं आकारमान यांचा हा संबंध मांडून ठेवला होता.

हिशेब सोपा आहे. भक्ष्य लांबीला भक्षकाच्या पाचवा हिस्सा आहे असं धरा. अंगाची घडण सारखी असेल तर वजन लांबीच्या घनाने बदलतं, म्हणजे भक्ष्याचं वजन भक्षकाच्या सव्वाशेवा भाग. लांबीला दहावा हिस्सा असेल तर हजारावा भाग. समुद्रातल्या भक्षक-भक्ष्याच्या जोड्या तोलून पाहिल्या की शंभरपट, हजारपट असे आकडे वारंवार येतात, त्यामागे हे साधं गणित आहे.

पायऱ्यांची संख्याही फार वाढू शकत नाही. एका पायरीवरच्या अन्नातलं ढोबळमानाने दहा टक्केच पुढच्या पायरीच्या अंगी लागतं, बाकी श्वासात, हालचालीत आणि विष्ठेत जातं. ही मांडणी रेमंड लिंडमन यांच्या १९४२ च्या लेखातून आली. दहा हा आकडा सरासरीचा आहे, प्रत्यक्षात तो बराच कमी-जास्त होतो. तरी दहाच धरून चाललं तर शैवाल, कोपेपॉड, मांदेली, सुरमई अशा साखळीत सुरमईच्या अंगी एक किलो चढायला हजार किलो शैवाल खर्ची पडतं. तारलीने तेच शैवाल थेट खाल्लं असतं तर त्यातून शंभर किलो तारली झाली असती. तारली स्वस्त आणि सुरमई महाग असण्यात चवीइतकाच या पायऱ्यांचा वाटा आहे.

चाळणी असलेला प्राणी पायऱ्या गाळून खाली उतरू शकतो, आणि आकाराचा नियम मोडतो तो इथेच. २०१६ च्या जानेवारीत जुहूच्या किनाऱ्यावर ब्राइड जातीच्या देवमाशाचं धूड लागलं होतं. या देवमाशाला दात नसतात. वरच्या जबड्यातून शिंगासारख्या पदार्थाच्या पट्ट्या लोंबतात आणि गळ्याखाली घड्या असतात. घड्या फुगवून टनावारी पाणी आत घ्यायचं आणि पट्ट्यांतून गाळून बाहेर सोडायचं. उरतात ते तारलीसारखे लहान मासे. बारा टनांचा प्राणी पन्नास ग्रॅमचा मासा खातो. वजनाची तफावत लाखांच्या घरात. केवळ आकारावरून अंदाज बांधला असता तर त्याला सुरमईच्याही वर बसवावं लागलं असतं. जागा मात्र साधारण सुरमईच्याच आसपासची.

एकाच माशाचे अनेक अवतार

सुरमईचं अंडं मिलिमीटरभराचं असतं आणि पाण्यात तरंगतं. त्या वेळी ते जेलीफिशचं आणि पापलेटाचंही अन्न आहे. वाढून मीटरभर झालेली सुरमई तिची अंडी खाणाऱ्या बहुतेक माशांना गिळू शकते. म्हणजे 'सुरमईची पायरी' असं म्हणताना कुठल्या वयाची सुरमई, हा प्रश्न आधी विचारायला हवा. बहुतेक मासे पिल्लू असताना प्लवकं, मग बारीक कोळंबी आणि जवळा, मग मासे असे वर चढतात. वाकटी याचं चांगलं उदाहरण: लहानपणी जवळ्यावर वाढते, मोठी झाली की मासे धरते, त्यात लहान वाकट्याही आल्या. सुरमईचं कुटुंब मात्र घाईचं. तिच्या नातलग जातींची पिल्लं काही मिलिमीटरची असतानाच मोठ्या जबड्याची असतात आणि जवळजवळ पहिल्या घासापासून दुसऱ्या माशांची पिल्लं खातात.

लेप तर अंगच बदलतो. पिल्लू असताना त्याचे डोळे दोन बाजूंना, इतर माशांसारखेच असतात आणि ते पाण्यात तरंगतं. मग एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो, अंग चपटं होतं आणि मासा तळाला टेकतो तो कायमचा. तोंड वाकडं, खाली वळलेलं. खाणं तळातल्या वळवळणाऱ्या किड्यांचं आणि बारीक कवचधाऱ्यांचं. वरच्या पाण्याच्या जाळ्यातून तो खालच्या जाळ्यात उतरलेला असतो.

जागा बदलली की नातं बदलतं

शरीर फक्त एवढंच सांगतं की हा जीव काय खाऊ शकेल. प्रत्यक्षात काय खाईल ते त्याला भेटतं कोण यावर ठरतं. खाडीच्या चिखलावर ओहोटीला निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे लहान मासे, उड्या मारताना दिसतात. लांबून सगळ्या सारख्याच. त्यातल्या एका गटाचे खालच्या जबड्यातले दात जवळजवळ आडवे असतात, फावड्यासारखे. या निवट्या डोकं डावी-उजवीकडे हलवत चिखलावरची डायटमची साय खरवडतात. दुसऱ्या गटाचे दात उभे आणि टोकदार, ते लहान खेकडे आणि किडे धरतात. एकाच चिखलावर, एकाच ओहोटीला, हाताच्या अंतरावर दोन निवट्या, आणि मध्ये एक अख्खी पायरी.

शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या रोहित पक्ष्यांतही तीच गंमत आहे. लहान रोहिताच्या चोचीतली चाळणी इतकी बारीक असते की तो सूक्ष्म शैवाल गाळून खातो. मोठ्या रोहिताची चाळणी जाड, तो चिखलातले किडे, शिंपले, बारीक कवचधारी गाळतो. दोघंही एकाच पाण्यात मान वाकडी करून उभे असतात, म्हणून फोटोत भांडण दिसत नाही. प्रत्यक्षातही फारसं नसतं.

मुंबईच्या समुद्रात चिखल आणि पाणी यांना जोडणारा सगळ्यात मोठा दुवा म्हणजे जवळा. सुकट म्हणून ओळखला जाणारा हा दोन-चार सेंटिमीटरचा जीव सूक्ष्म शैवालही खातो, बारीक प्राणी-प्लवकंही आणि खाड्यांतून वाहून येणारा कुजका सेंद्रिय गाळही. आयुष्य काही महिन्यांचं, पैदास अफाट. त्याला खाणाऱ्यांची यादी करायला बसलं तर बोंबील, मांदेली, वाकटी, ढोमा, मोरी (लहान शार्क) अशी ती लांबतच जाते. पावसाळ्यात नद्या-नाल्यांतून गाळ येतो, गाळ जवळ्याच्या अंगी लागतो आणि जवळा बोंबलाच्या. उन्हं कमी आणि पाणी गढूळ असूनही या किनाऱ्यावर मासळी का होते, याचं निम्मं उत्तर या सुकटीत आहे.

भूमिका म्हणजे पायरी नव्हे

दोन मासे एकाच पायरीवर असतील तरी जाळ्यातलं त्यांचं काम वेगळं असू शकतं. हे मोजायला अभ्यासक सबंध जाळं न घेता तीन-तीन जीवांचे तुकडे पाडतात. कोण कुणाला खातो याचे बाण काढले तर तीन जीव एकमेकांशी १३ प्रकारे जोडलेले असू शकतात. त्यातले तीन-चार समुद्रात पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिला सरळ साखळीचा: शैवाल, कोपेपॉड, पापलेट. दुसरा, एका अन्नावर दोघांचा डोळा: जवळ्यावर मांदेलीही जगते आणि वाकटीचं पिल्लूही. तिसरा, दोन भक्ष्यांचा एकच वैरी: जवळा आणि करंदी (बारीक कोळंबी) दोन्ही बोंबलाच्या पोटात. इथे गंमत अशी की जवळा वाढला तर बोंबील वाढतात आणि त्याची झळ करंदीला बसते, जरी जवळा आणि करंदी एकमेकांच्या वाटेला गेलेले नसले तरी. चौथा त्रिकोणाचा: मांदेली जवळा खाते, बोंबील मांदेली खातो, आणि बोंबील जवळाही खातो. म्हणजे बोंबील मांदेलीचा वैरी आणि तिच्याच ताटातला वाटेकरी. मांदेली कमी झाली तर बोंबलाचा एक घास जातो पण जवळ्यावरचा स्पर्धकही जातो; निव्वळ नफा की तोटा, हे कुठला बाण किती जाड आहे त्यावर.

एखादा जीव यातल्या कुठल्या तुकड्यात कुठल्या कोपऱ्यावर किती वेळा बसतो, याची मोजणी म्हणजे त्याची भूमिका. शरीराच्या गुणांशी ती जुळते, पण एकास एक नाही. तळाशी खाणारे आणि वरच्या पाण्यात खाणारे हा भेद इथे कळीचा ठरतो. तळ आणि पाणी दोन्हीकडे तोंड घालणारे, म्हणजे शिंगाळा, ढोमा, मोरी, हे त्रिकोणांत सारखे सापडतात. नुसती चाळणी चालवणारे सहसा साखळीच्या मधल्या कडीवर.

एका जीवाची भूमिका त्याच्या संख्येच्या मानाने किती मोठी असू शकते हे अमेरिकेत रॉबर्ट पेन यांनी दाखवलं. वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्याच्या एका पट्ट्यावरून त्यांनी एका जातीचा तारामासा सतत उचलून फेकला. १९६६ साली छापलेल्या त्यांच्या नोंदीप्रमाणे तिथल्या १५ जातींच्या ८ झाल्या. तारामासा ज्यांना आवडीने खायचा ते शिनाणे (खडकाला चिकटून राहणारे शिंपले) मोकाट सुटले आणि त्यांनी खडकावर इतरांना जागाच ठेवली नाही. त्या तारामाशाचा गुण काय होता? नळीदार पायांनी शिंपला उघडायची ताकद, आणि नेमक्या दादागिरी करणाऱ्या जीवाची आवड. असाच तारामासा दादागिरी न करणाऱ्या एखाद्या गोगलगाईवर जगत असता तर कुणाला त्याची दखल घ्यावीशी वाटली नसती.

पोट फाडून काय कळतं, आणि काय फसवतं

कोण काय खातो हे शोधायचा जुना आणि आजही मुख्य मार्ग म्हणजे जठर उघडणं. मासा लगेच बर्फात किंवा फॉर्मालिनमध्ये, लांबी आणि वजनाची नोंद, जठर कापून आतलं ताटलीत, ओळखू येतील ते जीव वेगळे, प्रत्येकाची संख्या आणि वजन. करायला सोपं वाटतं, चुका मात्र इथेच होतात.

जाळं वर ओढताना दाब बदलतो आणि कित्येक मासे खाल्लेलं ओकून टाकतात. रिकामं जठर म्हणजे उपाशी मासा नव्हे. डोल जाळ्यात उलटी फसगत होते. प्रवाहाकडे तोंड करून रोवलेल्या त्या शंकूच्या टोकाला बोंबील आणि जवळा तासन्‌तास एकत्र कोंबलेले असतात. तिथे बोंबील जे खातो ते मोकळ्या समुद्रात खाल्लं असतं असं नाही. घशाशी अडकलेलं, अजिबात न पचलेलं भक्ष्य म्हणूनच हिशेबातून बाजूला ठेवतात. पचनाचा वेगही सारखा नसतो. जेलीफिश लवकर विरून जातो, माकुलाची (स्क्विडची) चोच आणि माशांच्या कानातले खडे बराच काळ राहतात. मग कागदावर माकुल जास्त आणि जेलीफिश शून्य दिसतो. पापलेट तर घशातच किसून खातं, त्याच्या जठरात नुसता लगदा. संख्या मोजायची की वजन, हाही प्रश्न. दोनशे कोपेपॉड आणि एक मांदेली असेल तर संख्येने मासा प्लवकखाऊ ठरतो, वजनाने मासेखाऊ.

आकडे हातात आले की पायरी काढायचं सूत्र साधं आहे: प्रत्येक भक्ष्याची पायरी गुणिले खाण्यातला त्याचा वाटा, सगळ्यांची बेरीज, अधिक एक. समजा बोंबलाच्या खाण्यात वजनाने ६० टक्के जवळा, पायरी २.५, ३० टक्के मांदेलीसारखे लहान मासे, पायरी ३, १० टक्के बोंबलाची पिल्लं, पायरी ३.४. बेरीज १.५ अधिक ०.९ अधिक ०.३४, म्हणजे २.७४, त्यात एक मिळवला की ३.७४. पिल्लं आणि मोठे बोंबील एकत्र मोजले तर हा आकडा खाली घसरतो आणि कुठल्याच बोंबलाचा राहत नाही.

दुसरा मार्ग मांसातल्या नायट्रोजनचा. नायट्रोजनचा एक जड प्रकार, १५ वजनाचा, प्रत्येक पायरीला थोडा थोडा साठत जातो, सरासरी हजारी ३.४ ने. स्नायूचा चिमूटभर सुका तुकडा पुरतो, आणि तो काल काय खाल्लं ते न सांगता गेल्या काही आठवड्या-महिन्यांचा सरासरी हिशेब सांगतो. यात फसगत होते ती पायथ्याशी. सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजनमध्ये जड प्रकार बऱ्याचदा जास्त असतो. खाडीतली बोई आणि खोल समुद्रातला बांगडा एकाच मापाने मोजले तर चिखल खाणारी बोई वरच्या पायरीवर जाऊन बसेल. म्हणून त्याच पाण्यातलं कालव किंवा गोगलगाय आधी मोजायची, तिला पायरी दोन धरायची आणि तिथून वर मोजायला लागायचं.

जाळंही गुण बघूनच धरतं

मासेमारीकडे भक्षक म्हणून पाहिलं तर तिचंही तोंड असतं, त्याला आस, म्हणजे जाळ्याचा डोळा म्हणा. डोल जाळं वेगाने पोहू न शकणारे जीव गोळा करतं: जवळा, करंदी, बोंबील, मांदेली. पापलेट सापडतं ते पाण्यात टांगलेल्या जाळ्यांच्या डोळ्यात, कारण अंग उंच आणि पसरट. डोळा केवढा, त्यावर केवढं पापलेट अडकेल ते ठरतं. सुरमईला वेग आहे, ती गळाला किंवा मोठ्या डोळ्याच्या जाळ्यात येते. घोळ मासा तळाचा, दीड मीटरपर्यंत वाढणारा, आणि त्याच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, सोन्यासारखा भाव. बोत तरंगण्यासाठी आणि आवाज काढण्यासाठी असतो. बाजारात तोच त्याच्या जिवावर उठला. मोरी एका वेळी साधारण सहा ते अठरा जिवंत पिल्लं देते, तर सुरमई लाखांनी अंडी सोडते. दोघी मासेखाऊ, पण एकसारखी मासेमारी झाली तर भरून यायला मोरीला जास्त वेळ लागणार.

महाराष्ट्रात २०२३ साली पापलेटाला राज्य मासा ठरवलं गेलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान अधिसूचित झालं: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. हे आकडे माशाला अंडी घालायची संधी मिळावी म्हणून आहेत. अन्नजाळ्याच्या बाजूने पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते: ठरावीक मापाच्या वरचेच सगळे मासे उचलले तर जात शिल्लक राहते, पण त्या जातीतला वरच्या पायरीवर खाणारा भाग जातो. हातभर सुरमया कितीही असल्या तरी मीटरभर सुरमईचं काम त्या करत नाहीत; जबडा तेवढा नसतो.

राहता राहिला जबड्याच्या मापाचा नियम धाब्यावर बसवणारा जीव. तो गिरगावच्या किंवा अक्साच्या वाळूत सहज सापडतो, म्हणजे त्याची खूण सापडते. रिकामे शिंपले चाळा. काहींच्या पाठीवर, बिजागरीच्या जवळपास, कंपासने काढल्यासारखं गोल भोक असेल. भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं असेल, स्क्रूचं डोकं बसायला खड्डा करतात तसं, तर ते काम वाळूत राहणाऱ्या चंद्रगोगलगाईचं. भोक वरपासून खालपर्यंत सरळ असेल तर बहुधा खडकावर राहणाऱ्या काटेरी गोगलगाईचं. दोघींचंही तोंड शिंपल्यापेक्षा कितीतरी लहान असतं. त्या एका ग्रंथीतून आम्लधर्मी स्राव सोडून कवच मऊ करतात, दातेरी जिभेने खरवडतात, पुन्हा स्राव सोडतात. काम तासन्‌तास चालतं. मग सोंड आत घालून शिंपल्याला त्याच्याच घरात खातात. एखादं भोक आरपार न जाता अर्ध्यावर थांबलेलं दिसलं, तर तो शिंपला त्या वेळी सुटला होता.